तुम्ही विचारलंत म्हणून: "ते जुनं जेट म्युझियममध्ये का नाही ठेवत?"

एअरशोला कुंपणापाशी उभे असलेले लोक हे हमखास विचारतात. एवढं जुनं विमान, एवढा खर्च, प्रत्येक उड्डाणाला सगळ्यांचा जीव टांगणीला, त्यापेक्षा पुसूनपासून म्युझियममध्ये ठेवून द्या की. विचारणाऱ्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही. मी व्हॅम्पायर या जुन्या ब्रिटिश जेटच्या ग्राउंड क्रूमध्ये आहे, म्हणजे वर जाऊन टाळ्या घेणारा दुसरा आणि खाली तेलकट हातांनी उभा असतो तो मी, तर माझं उत्तरही खालूनच येणार.

उभं करून ठेवलं की विमान टिकतं हा मोठा गैरसमज आहे बघा. नुसतं उभं राहिलेलं जेट जास्त लवकर खराब होतं. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणेचं सील तेलात भिजत, हलत राहिलं तर ठीक, नाहीतर ते वाळतं, कडक होतं, आणि मग बऱ्याच दिवसांनी प्रेशर दिलं की कुठूनतरी ठिबकायला लागतं, ते एक बदललं की दुसरीकडून. टाक्यांचं तसंच, होसपाइपांचं तसंच. म्हणजे एकतर ते नियमित चालवा, नाहीतर रीतसर सगळं रिकामं करून, आत संरक्षक तेल फवारून झोपवा, आणि एकदा असं झोपवलेलं पुन्हा उठवणं म्हणजे जवळजवळ नव्याने बांधणं.

त्यात व्हॅम्पायरची तर वेगळीच तऱ्हा. पहिलं उड्डाण 20 सप्टेंबर 1943 चं, भारतीय हवाई दलाचं पहिलं जेटही हेच, 1948 सालचं, आणि बघणाऱ्याला वाटतं सगळं पत्र्याचं असेल, पण पायलट बसतो तो पुढचा भाग चक्क लाकडी आहे. प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्सा चिकटवलेलं. त्यामुळे गंजाइतकीच आम्हाला ओलीची भीती. पाणी झिरपून कुठे थर सुटलाय का ते बघायला आजही नाणं घेऊन टकटक करत जातो, इंच इंच. चांगल्या जागी आवाज टणक येतो आणि थर सुटला असेल तिथे बद्द. हे काम हँगरमध्ये सगळे गप्प असतील तेव्हाच करायचं, रेडिओ चालू असेल तर मी सरळ बंद करतो, कोणाला राग आला तर येऊ दे.

इंजिन मात्र बिचारं साधं. गॉब्लिन नाव त्याचं, हवा गरगर फिरवून बाहेर फेकत दाबणारा सेंट्रिफ्युगल कॉम्प्रेसर, भोवती 16 ज्वलनकक्ष. इंजिन बंद केलं की आमच्यातला एकजण स्टॉपवॉच घेऊन शेपटीजवळ उभा राहतो. फिरणारा भाग पूर्ण थांबायला किती सेकंद लागले ते दरवेळी लिहून ठेवायचं. नेहमीपेक्षा लवकर थांबला म्हणजे आत काहीतरी घासतंय किंवा बेअरिंग जड चाललंय. खर्च शून्य, पण ते आकडे मी इतर कुठल्याही कागदापेक्षा आधी बघतो.

इजेक्शन सीटच्या, म्हणजे संकटात पायलटला सीटसकट बाहेर फेकणाऱ्या सीटच्या, भानगडीबद्दल कोणी विचारतच नाही. आमचं दोन सीटवालं ट्रेनर मॉडेल आहे, त्यात इजेक्शन सीट आहेत. सीट उडवणाऱ्या स्फोटक कार्ट्रिजला एक्सपायरी असते, आणि ती दोन प्रकारे मोजतात, बनवल्यापासून आणि बसवल्यापासून, जी आधी संपेल ती खरी. विमान ठणठणीत, इंजिन ठणठणीत, पायलट तयार, आणि कार्ट्रिजची तारीख उलटली म्हणून पूर्ण सीझन जमिनीवर, असं होऊ शकतं. पोरांना आत बसवा म्हणून आईवडील मागे लागतात त्यांना मी नाही म्हणतो तेही यासाठीच, सेफ्टी पिना लावलेल्या असल्या तरी स्फोटकं ती स्फोटकंच.

आता मुख्य मुद्दा. अशी विमानं धातू थकला म्हणून थांबतात असं लोकांना वाटतं. थांबतातही, पण तेवढंच नाही. ब्रिटनमधलं व्हल्कन एक्सएच558 हे जुनं बॉम्बर जेट घ्या, 2007 मध्ये ते पुन्हा उडालं, 2012 मध्ये ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या आत ओढल्या जाऊन दोन इंजिनं गेली, त्यातूनही सावरलं. शेवटी 2015 मध्ये थांबलं ते तांत्रिक जबाबदारी घेणाऱ्या कंपन्यांनी पाठिंबा काढला म्हणून. हे सुरक्षित आहे असं म्हणून खाली सही करणारा कोणी उरला नाही. मला तर क्रॅकपेक्षा या सहीची जास्त धास्ती. क्रॅक दिसतो तरी.

त्याच वर्षी 22 ऑगस्टला ब्रिटनमध्येच शोरहॅमच्या एअरशोत जुनं हंटर जेट कोसळलं आणि 11 माणसं गेली, तीही बाजूच्या रस्त्यावरची. त्यानंतर तिथे खाली समुद्र नसून जमीन असेल तर जुन्या जेटना कसरती न करता साध्या फ्लायपास्टपुरतंच, म्हणजे नुसतं समोरून उडत जाण्यापुरतंच, ठेवलं गेलं, बऱ्याच शौकिनांनी आरडाओरडा केला. मला विचाराल तर योग्यच झालं. शो बघायला न आलेल्या माणसाने आपल्या हौसेची किंमत का मोजायची? आणि तसंही रुंद, सैल वळण घेतलं की ताण कमी पडतो, सांगाड्याचं आयुष्य वाचतं, शिवाय वरची बाजू लोकांकडे वळते त्यामुळे फोटोवाले खुश. लूप मारला नाही म्हणून पैसे परत मागणारा अजून तरी मला कोणी भेटलेला नाही.

मग उडवायचं कशाला? कारण उडतंय तोवरच ते काम शिकायला माणसं येतात. स्टार्टला इंधन पेटलं नाही तर ते आत साठतं, ते पूर्ण निथळू न देता घाईने पुन्हा स्टार्ट केलं की मागून ज्वाळा, हे मॅन्युअलमध्ये आहे. पण पेटणार की नाही हे तापमानाचा काटा हलायच्या आधी नुसत्या आवाजावरून कळतं, ते मला एका रिटायर्ड फिटरकाकांनी बाजूला उभं करून शिकवलं. बंद विमानाशेजारी ते काय शिकवणार होते? आता ते येऊ शकत नाहीत, गुडघे गेलेत.

तेव्हा पुढच्या वेळी कुंपणापाशी आलात आणि तुमच्या ओळखीत कोणी जुन्या जेटवर हात काळे केलेलं असेल तर त्यांना सोबत आणा. त्यांना मी कुंपणाच्या आत घेतो, खुर्ची देतो, आणि प्रश्न मग मी विचारतो.