तुम्ही विचारलंत म्हणून: वर वारा नाही, मग दुर्बीण हलते कशी?

गच्चीवर शनी दाखवत असलो की डोळा लावता लावता कुणीतरी नळीला हात लावतंच, आणि शनी गायब. मी तो परत शोधत असतो तेव्हा मागून प्रश्न येतो, "हबलचं बरंय. तिथे ना वारा, ना असे धसमुसळे हात. ती कशाला हलेल?"

हलते हो. आणि बरेचदा स्वतःच स्वतःला हलवते.

१९९० साली हबल ही दुर्बीण अवकाशात गेली आणि तिच्या आरशातला दोष जगभर गाजला. त्या गवगव्यात सौरपंखांचं, म्हणजे उन्हावर वीज बनवणाऱ्या पंखांचं, दुखणं मागे पडलं. हबल साधारण दीड तासात पृथ्वीभोवती फिरते, त्यामुळे दर फेरीला ऊन आणि सावली. उन्हात शिरताना पंख ताणून धरणाऱ्या दांड्या एका बाजूनं आधी तापायच्या आणि वाकायच्या, तेही झटके देत. उन्हाळ्यात पत्र्याचं छप्पर कडकड वाजतं ना, तसंच. इथे छप्पर दुर्बिणीलाच जोडलेलं! आणि अपेक्षित स्थैर्य किती, तर हलणं ०.००७ विकलांच्या आत (विकला म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग). मुंबईतून नागपुरातलं रुपयाचं नाणं जेवढं दिसेल, जवळपास तेवढं. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी पंख बदलले. जुन्यांपैकी एक इतका वाकला होता की गुंडाळलाच जाईना. कॅथरिन थॉर्नटननं तो हातात धरून अवकाशात सोडून दिला.

दुर्बीण वळवणाऱ्या चाकांचे कंप असतात, आणि दुर्बीण किती वळली ते मोजणारे जायरो हळूहळू चुकत जातात. शिवाय हबल सेकंदाला साडेसात किलोमीटर पळते, म्हणून पावसात स्कूटरवर सरी तिरप्या लागाव्यात तसा प्रकाश तिरपा येतो आणि तारा पाच विकलांपर्यंत सरकलेला दिसतो. पण ही चूक गणितातून काढून टाकता येते.

मला खरी आवडते ती आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरची युव्हीआयटी. २०१५ साली वर गेलेली ही अतिनील दुर्बीण बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या पुढाकारानं झाली. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या केंद्राचाही तिच्यात वाटा आहे. निरीक्षण चालू असताना उपग्रह थोडाथोडा सरकत राहतो. म्हणून तिचा दृश्य प्रकाशाचा कॅमेरा सतत ताऱ्यांचे फोटो घेतो, आणि ती केव्हा, किती, कुठे सरकली ते त्यांवरून कळतं. अतिनील फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, एकेक करून वेळेसह टिपलेले असतात. मग खाली जमिनीवर संगणक प्रत्येक फोटॉन उचलून त्याच्या मूळ जागी नेऊन ठेवतो. एवढं झाल्यावर चित्रात एकमेकांपासून साधारण दीड विकला अंतरावरचे तारेही सुटे दिसतात.