तांबट

शनिवार, रात्री पावणेदहा

सकाळी वही उघडून बसले आणि हात पुढेच सरकेना. चहा निवून गेला. रोज एक पान लिहायचं हा नेम मोडायचा नव्हता, पण सांगण्यासारखं काही आहे असं वाटतच नव्हतं. खिडकीबाहेर पिंपळावर तांबट बोलत होता. टुक, टुक, टुक. उन्हं तापायला लागली की हा दिवसभर चालू असतो, आणि कानाला त्याची इतकी सवय होते की तो ऐकूच येईनासा होतो.

आज घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला ११२. मग दुर्बीण काढली. चिमणीहून जरासा मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल रंग, गळा पिवळा. आणि बोलताना चोच चक्क मिटलेली! प्रत्येक टुकला गळ्याची कातडी फुगते आणि लगेच बसते. लहानपणापासून हा आवाज ऐकतेय. पक्षी बोलतो म्हणजे चोच उघडतो, हे मी कधी तपासलंच नव्हतं.

तांबट भांडं ठोकतो तसा आवाज, म्हणून हे नाव, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण तांबटाचा हातोडा तरी मी कधी नीट ऐकला होता? चपला घातल्या आणि निघाले.

कसबा पेठेतली तांबट आळी माझ्या घरापासून पायी वीस मिनिटांवर आहे. पेशवाईपासूनची ही वस्ती. आता हातोडे कमी झालेत, तरी वळण घेतल्याबरोबर ठोके ऐकू आले. हा आवाज पक्ष्याच्या टुकपेक्षा टणक होता, पण लय तीच, न चुकणारी. एका कारखान्यात वयस्कर काका जमिनीत रोवलेल्या लोखंडी दांड्यावर हंडा फिरवत होते. डाव्या हाताने हंडा इंचभर सरकायचा, उजव्या हाताने ठोका पडायचा. नजर ठोक्यावर नाही, पुढच्या जागेवर.

मी म्हटलं, "काका, ही ठोक्यांची नक्षी करायला किती वेळ लागतो?"

"नक्षी नाही ताई, हा मठार," ते म्हणाले आणि उठून दोन तुकडे आणले. "दाबून बघा."

पहिल्या तुकड्यावर अंगठा टेकवला, तर पत्रा पुठ्ठ्यासारखा वाकला. दुसऱ्यावर मठार होता. दोन्ही अंगठे लावले तरी तो हलेना. जाडी दोन्हींची सारखीच. तांबं ठोकलं की कडक होतं आणि भट्टीत लाल होईपर्यंत तापवलं की परत मऊ. म्हणून आकार देताना ठोकायचं, तापवायचं, परत ठोकायचं, आणि शेवटी मठार, तो मात्र तसाच राहू द्यायचा. ठोके एकमेकांना लागून पडले पाहिजेत. मध्ये जागा सुटली तर भांड्याला तिथंच पोचा येतो. हे सांगताना काकांनी एका बंबावर बोट फिरवून सुटलेली जागा दाखवली. मला ती दिसली नाही. बोट फिरवल्यावर कळली.

शेजारी कल्हई केलेली पातेली पालथी पडली होती. ती पाहून आजी आठवली. "ताक कळकलं" म्हणून ती अख्खी कासंडी ओतून द्यायची. मला ते नासणं वाटायचं. नासणं वेगळं आणि कळकणं वेगळं. आंबट पदार्थ उघड्या तांब्यापितळेला लागला की धातू त्यात उतरतो, चव तुरट होते, आणि कथलाचा पातळ थर तेच अडवतो. एवढ्या एका क्रियापदात आजीचं सगळं रसायनशास्त्र होतं. ते आज माझ्या वापरातून गेलंय याचं मनापासून वाईट वाटलं. परत आणायचंय.

घरी येऊन जुनी वही काढली. काही वर्षांपूर्वी माजघरावर लिहिलेल्या तुकड्यात माझं वाक्य आहे, "कोपऱ्यातल्या हंड्यावर ठोक्यांची सुंदर नक्षी होती." तेव्हा ते मला फार आवडलं होतं. खरं तर ते चुकीचं आहे, आणि 'सुंदर' हा शब्द तिथं मी न पाहताच ठेवला होता. खोडलं. तासभर बसून लिहिलं, "कोपऱ्यातल्या हंड्याला मठार होता. तीन पिढ्यांनी तो आपटला, पण त्याला पोचा आला नाही." अजून मनासारखं नाही. 'आपटला' बदलेन बहुतेक.

सकाळी एक पान भरत नव्हतं आणि आता हे चौथं चालू आहे. दिवसात वेगळं काहीच घडलेलं नाही, फक्त मोजलं आणि विचारलं. माझा लिहिण्याचा दुष्काळ बहुतेक वेळा असाच असतो. मला सगळं माहीत आहे असं वाटायला लागतं, तेव्हा तो पडतो.

संध्याकाळी उजेड असेपर्यंत परत खिडकीत बसले. पिंपळाच्या वाळक्या फांदीला खालच्या अंगाने एक गोल भोक आहे, रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं. तांबट तिथं येऊन लटकला, डोकं आत घातलं, चोचीत भुसा घेऊन बाहेर टाकला. हे पक्षी घरटं स्वतः कोरतात, आणि त्यांना असंच मेलेलं लाकूड लागतं. तीच फांदी पावसाळ्याआधी तोडायची असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलंय, आणि हात वर करणाऱ्यांत मीही होते.

उद्या सकाळी आधी सेक्रेटरींकडे जायचं. पिल्लं उडून जाईपर्यंत तरी थांबा म्हणून सांगायचं. दुर्बीण सोबत न्यायची.