पणतीचं झाकण

परवा दुपारी विरजणावर ठेवायला झाकण शोधत होते. मांडणीच्या खालच्या फळीवर, तव्यामागून एक स्टीलचं झाकण हाताला लागलं. छोटंसं, कडेला पोचा आलेला आणि मधोमध ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव. आमच्या घरातल्या भांड्यांवरची नावं एक तर सासूबाईंची, नाहीतर माझ्या आईची, तारखेसकट, मराठीत. हे नाव मात्र कन्नडमध्ये होतं. चष्मा लावून वाचलं आणि ओट्यापाशी एकटीच मोठ्यांदा हसले. झाकणावर लिहिलं होतं, ‘पनिता’.

पनिता नावाची मुलगी जगात कुठं असेल असं मला वाटत नाही. बेळगावच्या शाळेत आमच्या वर्गात होती ती वनिता. तिचं आजोळ गोकाकचं. सातवी पास झाली म्हणून मामानं करदंट मिठाईचा पुडा आणि एक नवा डबा आणला होता. मामा घरीदारी कन्नड बोलणारा, दुकानदारही तसलाच, त्यामुळं नाव कन्नडमध्ये पडलं. आता कन्नडमधले ‘व’ आणि ‘प’ म्हणजे जुळ्या बहिणी. डोक्यापाशी काय तो फरक. डब्यावर कोरताना दुकानदाराचा हात नीट चालला, झाकणाला आल्यावर त्याच्या मनात काय आलं देव जाणे, ‘व’चं डोकं उघडं राहिलं. डबा वनिताचा आणि झाकण पनिताचं!

पहिल्याच मधल्या सुट्टीत मागच्या बाकावरच्या एकीनं ते खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी पनिताची पणती झाली. ती आजतागायत पणतीच आहे. तिच्या लग्नात हळदीला आम्ही सगळ्या ‘पणती, इकडं बघ गे’ म्हणून ओरडत होतो, तेव्हा तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी कौतुकानं विचारलं होतं, ‘दिवाळीतला जन्म वाटतं?’ आम्ही एकसुरात ‘होय की’ म्हटलं. ती जन्मली मे महिन्यात.

1956 साली राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. त्याचं मोठ्या माणसांनी काय काय केलं, अजून काय काय चाललंय, ते इथल्या कुणाला सांगायला नको. आमच्या वाट्याला त्यातलं आलं ते कन्नडच्या तासाच्या रूपानं. दहावीचे एकूण मार्क 625, त्यातली मराठी पहिली भाषा म्हणून 125ची, बाकीचे विषय शंभराचे. कोल्हापूरच्या मावसभावाला हा हिशेब दर उन्हाळ्यात नव्यानं समजावून द्यावा लागायचा, आणि तरी तो म्हणायचाच, ‘म्हणजे तुमच्यात पंचवीस मार्क फुकट.’

कन्नडच्या टीचर धारवाडकडच्या. नव्या नव्या आल्या तेव्हा मधल्या सुट्टीनंतरचा तास होता. हसत वर्गात शिरल्या आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला त्यांनी मायेनं विचारलं, ‘ऊट आयता?’ जेवण झालं का, एवढंच. पोरगी ‘ऊठ’ ऐकून ताडकन उभी राहिली. शेजारची उभी राहिली. मग एकामागून एक अख्खा वर्ग. टीचर बावरल्या, त्यांना वाटलं ही इथली मान द्यायची पद्धत असेल. त्या हातानं खुणावत म्हणाल्या, ‘कुंद्री, कुंद्री’. म्हणजे बसा. मागून आवाज आला, ‘कुंदा वाटणार हाईत गे!’ बेळगावच्या पोरींना कुंदा म्हटल्यावर खव्याच्या मिठाईशिवाय दुसरं काही सुचत नाही. बसायचं राहिलंच, दोघीतिघींनी हात पुढं केले.

टीचर हसल्या, हे मला अजून आठवतं. दुसरं कुणी असतं तर वही घेऊन बाहेर उभं केलं असतं.

त्यांना आमच्या ‘मग’चा मात्र फार त्रास झाला. आम्ही उठताबसता ‘मग?’ म्हणणार. कन्नडमध्ये मग म्हणजे मुलगा. सुरुवातीचे काही दिवस त्या प्रत्येक ‘मग?’ला दचकायच्या, नंतर त्यांनीही ते हत्यार उचललं. कुणी ‘मग?’ म्हटलं की दाराबाहेर वाकून बघायच्या आणि विचारायच्या, ‘येल्लि मग?’ कुठाय मुलगा? मुलींच्या शाळेत ह्या विनोदाला जी दाद मिळते ती दुसरीकडे मिळणार नाही.

आणि पाणमांजर! वर्गात पाणी प्यायला जायचं तर कन्नडमध्ये विचारायचं असा नियम होता. ‘नीरु बेकु’, पाणी पाहिजे. येळ्ळूरकडून सायकल मारत येणारी एक दणकट पोरगी उभी राहिली आणि ठासून म्हणाली, ‘टीचर, नीरु बेक्कु.’ बेक्कु म्हणजे मांजर. एका ‘क’नं घात केला. पाणी, मांजर. पणतीचं कन्नड आजोळाकडून पक्कं, तिला ते सगळ्यांच्या आधी कळलं आणि ती बाकाखाली गेली. वर आली ती ‘पाणमांजर’ म्हणतच. त्या पोरीनं नाव मनाला लावून घेतलं नाही, उलट वहीच्या शेवटच्या पानावर मिशावालं मांजर काढून खाली सही केली.

मला ‘दुसरं गेट’ म्हणायच्या. कारण साधं आहे. टिळकवाडीत रेल्वेची गेटं आहेत, पहिलं, दुसरं, तिसरं, आणि आमचं घर नेमकं दुसऱ्या गेटाच्या पलीकडं. उशीर झाला की ‘बाई, दुसरं गेट पडलं होतं’ हे माझं वाक्य ठरलेलं. मालगाडी लांबलचक, डबे मोजता मोजता तिसांच्या पुढं चुकायचं. तोवर गेटापाशी सायकलींची गर्दी, पावसाळा असेल तर डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ आणि चप्पल लाल चिखलात. एकदा आमच्या मराठीच्या बाईच लूनावर माझ्या शेजारी अडकल्या. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. दोघी एकदमच शाळेत पोचलो. हजेरीला त्यांनी मला काही विचारलं नाही, मीही त्यांना काही विचारलं नाही. आता तिसऱ्या गेटावर पूल झालाय. पोरं उशिरा का येतात, कोण जाणे.

ह्याच बाई आमच्या ‘येतो-जातो’च्या मागं लागलेल्या. आमच्याकडं बायका, पोरी सगळ्या ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ असंच म्हणतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. पुण्याची आतेबहीण सुट्टीला आली की तिला हसू आवरायचं नाही. बाई म्हणायच्या, ‘मुलींनो, गेले म्हणा, आले म्हणा.’ वहीत आम्ही लिहायचो तसं. पण तोंडात बसेना. एकदा सहलीचा निबंध वाचायला उठवलं तेव्हा पाणमांजरानं वहीतलं वाचलं, ‘सकाळी सहाला मी गेले.’ वर्गात क्षणभर शांतता, आणि पणती हळूच म्हणाली, ‘आरारा! तयारी कुणी केली गे?’ बाईंनी डस्टर आपटला, पण तोंड फळ्याकडं फिरवून. खांदे हलत होते त्यांचे. आता मी हे लिहितानासुद्धा ‘शोधत होते’, ‘हसले’ असं नीट लिहिलंय, त्यांचे उपकार.

मुलींची शाळा म्हटलं की लोकांना वाटतं तिथं सगळं कुजबुजीत चालत असणार. आम्ही ओरडायचो. रुसवेफुगवे होते, नाही असं नाही, पण मधल्या सुट्टीत गोल करून बसल्यावर रुसायला जागाच नसायची. सगळ्यांची झाकणं मध्ये उताणी, त्यांच्यात प्रत्येकीच्या डब्यातलं थोडं थोडं. पणतीकडची शेंगाचटणी आणि कडक भाकरी, पाणमांजराकडचा घरच्या तांदळाचा भात, त्याला वास असायचा, आणि आमच्याकडची रोजची बटाट्याची भाजी, जिची कुणी तक्रार केली नाही की कौतुकही केलं नाही. घंटा झाली की हाताला येईल ते झाकण हाताला येईल त्या डब्यावर. घरी आया ओरडायच्या. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. कधीतरी शेवटच्या कुठल्या दिवशी ती अदलाबदल राहून गेली असणार.

तर झाकण धुतलं आणि पणतीला फोन लावला. ती आता निपाणीला असते. चौकशा झाल्या, गुडघे झाले, पाऊस झाला. मग म्हटलं, ‘तुझं झाकण सापडलंय माझ्याकडं. पनिता.’

पलीकडं इतका वेळ शांतता की मला वाटलं फोन कटला.

‘माझा डबा अजून हाय,’ ती म्हणाली. ‘त्यावर तुझं झाकण लावतो मी. जरा ढिलं बसतंय.’

‘घेऊन ये की, बदलून घेऊ.’

‘येतो की. शनिवारी येतो.’

‘ये. आणि पाणमांजराला पण…’ मी म्हटलं आणि थांबलो. दोघीही थांबलो. पाणमांजर गेली त्याला ह्या जूनमध्ये तीन वर्षं झाली. खरंच गेली.

‘ठेवतो गे,’ पणती म्हणाली.

चार शनिवार झाले, अजून ती आलेली नाही. झाकण सध्या विरजणावर आहे. भांड्याला लहानच होतंय, एका बाजूनं आत घसरतं.