लू ग्रँटचा राग

अमेरिकेत आले तेव्हा इथल्या बोलण्याला माझे कान सरावले ते सिटकॉममुळे, म्हणजे अर्ध्या तासाच्या विनोदी मालिकांमुळे. वाक्य निसटलं तरी स्टुडिओतल्या प्रेक्षकांचा हशा सांगायचा, विनोद इथे होता. मग मागे जाऊन तेवढंच पुन्हा ऐकायचं. कॉमेडी आणि ड्रामा यांतला फरक मला तेव्हा एवढाच वाटायचा: एकीकडे हशा, दुसरीकडे नाही.

हा समज मोडला लू ग्रँटने. ‘द मेरी टायलर मूर शो’ ही 1970 ते 1977 मधली अर्ध्या तासाची कॉमेडी. मिनियापोलिसच्या टीव्ही वृत्तकक्षातला तिरसट साहेब लू यात एड अ‍ॅस्नरने साकारलाय. शेवटच्या भागात त्याची नोकरी जाते. त्याच वर्षी ‘लू ग्रँट’ नावाचा तासाभराचा ड्रामा सुरू झाला, त्यात तो लॉस एंजेलिसच्या एका वृत्तपत्रात रुजू होतो. नट तोच, पात्र तेच, खेकसणंही तेच. या एकाच पात्रासाठी अ‍ॅस्नरला कॉमेडीचे तीन आणि ड्रामाचे दोन एमी, म्हणजे टीव्हीचे मानाचे पुरस्कार, मिळाले.

दोन्ही मालिका लागोपाठ बघा, असं मी मनापासून सांगेन. पहिलीत तो खेकसतो आणि जरा थांबतो. ते थांबणं हशासाठी राखलेलं. प्रेक्षक समोर बसलेले, तीन-चार कॅमेरे एकदम चालू, म्हणजे जवळजवळ नाटकाचा प्रयोगच. दुसरीत तो पहिल्यांदा खेकसला तेव्हा मी सवयीने हशाची वाट बघितली. आला नाही. त्या शांततेत, ज्याच्यावर तो खेकसला होता त्याच्याकडे माझं लक्ष गेलं. राग निघून गेल्यावर मागे काय उरतं, हे ड्रामाला बघावंच लागतं. कॉमेडीत पुढच्या आठवड्यात सगळं जिथल्या तिथे असतं. टेबलाच्या खणातली दारूची बाटली तिथे गंमत असते. ड्रामात ती दिसली असती तर मला काळजी वाटली असती.

एमी देणाऱ्या टेलिव्हिजन अकादमीलाही ही सीमारेषा आखणं जड गेलं. ‘ऑरेंज इज द न्यू ब्लॅक’ ही तुरुंगातली मालिका 2014 मध्ये कॉमेडीत होती, 2015 मध्ये ड्रामात. त्यातल्या उझो अडूबा या अभिनेत्रीला त्याच भूमिकेसाठी दोन्हीकडे एमी मिळाला! 2015 साली अकादमीने घड्याळच लावलं: अर्धा तास म्हणजे कॉमेडी, तास म्हणजे ड्रामा, अपवाद हवा असेल तर अर्ज करा. 2021 च्या अखेरीस हा नियम काढून टाकला. बरंच झालं, पण त्या नियमात तथ्य होतं असं मला अजूनही वाटतं. जाहिराती वगळून उरलेल्या बावीसेक मिनिटांत परिणामांना फारशी जागाच उरत नाही.

परवा मेरी टायलर मूरचे जुने भाग पुन्हा लावले. लू खेकसला, हशा आला, मीही हसले. पण या वेळी त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या मेरीच्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले.