मुळा-मुठेचे मासे आणि काठावरची जमीन

विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची वर्णने १८३९ साली प्रसिद्ध केली. त्यांतला खुद्री, म्हणजे आपला महसीर, त्याला पुण्याच्या मुळा-मुठेत मिळाला होता. पुढे १९४२ मध्ये ए. जी. एल. फ्रेझर यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात पुण्याच्या माशांवर लिहिले. इतक्या जुन्या नोंदी मिळणे हे या नद्यांच्या अभ्यासकांचे भाग्यच. मात्र त्या चाळताना आपण बहुधा जातींचा एकूण आकडा पाहतो आणि मला वाटते, तिथेच खरा बदल नजरेतून सुटतो.

मळ्या नावाच्या माशाचेच पाहा. हा बोटाएवढा मासा हनुवटीखालच्या चकतीने दगडाला घट्ट धरून राहतो आणि दगडावरचे शेवाळ खरवडून खातो. त्याला वाहते पाणी आणि उघडे, स्वच्छ दगड लागतात. मुळशी-वेल्ह्याकडे प्लॉटिंगसाठी डोंगरउतार सपाट केला, झाडे काढली आणि मुरूम उघडा पडला, की पहिल्याच पावसात ती माती ओढ्यात उतरते. पाऊस ओसरल्यावर तिथला दगड उचलून पाहिला तर त्यावर बोट फिरवताच गाळाचा थर हाताला लागतो. दगडगोट्यांमधल्या ज्या फटींत माशांची अंडी व पिल्ले तग धरतात, त्या बुजतात आणि ऑक्सिजनअभावी अंडी मरतात. मोठे मासे मात्र आणखी काही वर्षे दिसत राहतात, म्हणून नुकसान झाले आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

मुठेवरचे खडकवासला धरण १८७९ च्या सुमारास उभे राहिले आणि त्याच्या कालव्याने हवेली, दौंड, इंदापूरकडच्या कोरडवाहू जमिनीचे रूप पालटले. ज्वारी-बाजरीच्या रानांत ऊस आला. शेतकऱ्याला पाणी मिळाले याचा आनंदच आहे, परंतु तेच पाणी मुठेच्या पात्रातून कमी झाले आणि धरणाखाली पावसाळा सोडून जे वाहते, त्यात शहराच्या सांडपाण्याचा वाटा मोठा असतो. काठावर सिमेंटच्या भिंती उभ्या राहिल्या, सावली देणारी झाडे गेली, उथळ पाणी उन्हाने तापू लागले. अशा पाण्यात चिलापी (तिलापिया) आणि परदेशी मांगूर हे बाहेरून आलेले मासे सहज तगतात. मांगूर तर हवेतूनही श्वास घेतो.

त्यामुळे आधीच्या दहा जातींपैकी चार गेल्या आणि बाहेरच्या चार आल्या, तरी यादीत दहाच दिसतात. प्रत्यक्षात मात्र दगडाला धरून जगणारे, वरच्या धारेला चढणारे मासे गेलेले असतात आणि कुठल्याही डबक्यात जगणारे उरलेले असतात. शिवाय पुण्याची नदी आणि दुसऱ्या शहराची नदी यांतले मासे हळूहळू सारखेच होत जातात. ही हानी मला सर्वांत जास्त बोचते.

म्हणून प्रत्येक सर्वेक्षण त्याच त्या ठिकाणी, पावसाळ्यानंतर एकदा आणि भर उन्हाळ्यात एकदा व्हावे, आणि माशांच्या नावांसोबत कोणत्या जातीचे किती मासे मिळाले, तळाला दगड होते की गाळ, काठावर झाडे होती की भिंत आणि वरच्या उतारावर त्या वर्षी काय खोदले गेले, हेही त्याच कागदावर लिहिले जावे.