चार्ट.जेएस: आलेख लांबत का जातो?

चार्ट.जेएस ही वेबपानावर आलेख काढणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी; ती कॅनव्हासवर, म्हणजे पानातल्या चित्र काढायच्या जागेवर, चित्र काढते. आलेख पानभर खाली वाढत गेला, तर दोष बहुधा कॅनव्हासबाहेरच्या डिव्हचा, म्हणजे चौकटीचा: त्याला पोझिशन रिलेटिव्ह आणि ठरावीक उंची, समजा ३२० पिक्सेल, द्या, मगच मेंटेन-आस्पेक्ट-रेशो (रुंदी-उंचीचे प्रमाण टिकवणारा पर्याय) फॉल्स करा. कॅनव्हासलाच सीएसएसने उंची देऊन भागत नाही.

‘कॅनव्हास इज ऑलरेडी इन यूज’ (कॅनव्हास आधीच वापरात आहे) ही चूक तर ठरलेलीच. त्याच कॅनव्हासवर नवा चार्ट बांधण्याआधी जुन्यावर डिस्ट्रॉय चालवा. नुसते आकडे बदलायचे असतील तर डेटा बदलून अपडेट पुरे. उगाच पाडापाडी कशाला?

आवृत्ती ३ पासून आलेखाला लागणारे लायब्ररीचे भाग आधी रजिस्टर करावे लागतात, म्हणजे कोडमध्ये नोंदवावे लागतात. कंटाळा असेल तर सगळे भाग एकदम आणणारे ‘ऑटो’ इंपोर्ट करा, बंडल (ब्राउझरकडे जाणारी एकत्रित फाइल) मात्र फुगते.

लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाचा पर्याय, ‘एमआर-आयएन’ (मराठी-भारत) ठेवले, की अक्षावर १,००,००० असे मराठी अंक उमटतात.