त्या रात्री भ्यालं कोण?

गुरुवार, रात्री

दादा सहज बोलून गेला आणि दुपारपासून माझे कशातच लक्ष नाही. टीव्हीवर ‘झपाटलेला’ लागला होता, म्हणून मी मुद्दाम त्याला फोन लावून तात्या विंचूचा आवाज ऐकवला. तो हसला आणि म्हणाला, “खुळे, त्या रात्री तूच माझा शर्ट धरून रडत होतीस की! मी कशाला भितोय?” मागून वहिनीही हसल्या. वहिनींसमोर तो असे का म्हणाला, ते आज लिहीत नाही.

मला स्वच्छ आठवते. मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात गणपतीत मंडळाने पडदा लावला होता. समोरची जागा मोठ्यांनी धरल्यामुळे आम्हां पोरांना पडद्यामागे बसावे लागले आणि तिथून सगळे चित्र उलटे दिसत असल्याने चित्रपटातली यच्चयावत माणसे डावखुरी होती. महेश कोठारे यांचा हा चित्रपट १९९३ चा. गोळी लागलेला गुंड मरता मरता मृत्युंजय मंत्र म्हणतो आणि त्याचा जीव बाहुल्यात शिरतो, एवढ्यावरच आमचा बोळ गार पडला होता. बाहुला रामदास पाध्ये यांचा आणि आवाज दिलीप प्रभावळकरांचा, हे फार पुढे कळले. शेजारचे काका जयप्रभा स्टुडिओत काम केलेले. “अरे, त्याला माणूसच हलवतोय,” असे ते परोपरीने सांगत होते. त्याने भीती वाढलीच, कारण तो माणूस कुठे लपला आहे, हे आम्ही पडद्यामागे असूनही आम्हांला दिसत नव्हते.

घरी आल्यावर परसाकडे जायचे होते आणि दादा उंबऱ्यातून हलेना. मी कंदील घेतला, त्याचा हात धरला आणि पुढे झाले. त्याचा तळवा ओलाचिंब होता. विहिरीपाशी मांजर हलले तेव्हा त्याने माझी बोटे इतकी आवळली की बांगडी पिचकली. ही आठवण माझी आहे. शाळेत, तालमीच्या दारात, रंकाळ्यावर, जन्मभर मी त्याच्या मागून चालले. पुढे चालले ती तेवढीच एक रात्र, आणि आज त्याने तीही काढून घेतली. अण्णा असते तर त्यांनी सांगितले असते. असो.

चित्रपटातल्या लक्ष्याचे मला तेव्हापासून वाईट वाटते. बाहुला बोलतो, असे तो जीव तोडून सांगतो आणि कोणाला ते पटत नाही. लोक लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या धांदलीला हसत होते, मीही पोट धरून हसले. पण खरे बोलणाऱ्या माणसाचा चेहरा कसा रडवेला होतो, हे त्यांनी त्या हसण्यातच दाखवले होते, आणि ते मला आज दुपारी नव्याने दिसले.

संध्याकाळी न राहवून आईला विचारले. ती शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “दोघंबी माझ्या दोन बाजूला मुटकुळं करून झोपला हुतासा. कुणाला झोप न्हवती, मलाबी न्हवती.” म्हणजे आईसुद्धा! मला एकदम हसू फुटले आणि दिवसभराचे ओझे थोडे उतरले. एकाच रात्रीच्या तीन रात्री आमच्या घरात इतकी वर्षे सुखाने नांदत होत्या आणि कोणाचे काही अडले नव्हते. दादाला त्याची हवी असेल तर त्याने ठेवावी. माझी मात्र मी देणार नाही.

आता लिहिताना एक गोष्ट आठवली. माझी कापडी बाहुली त्याच रात्री आईच्या परकराच्या नाडीने हातपाय बांधून तांदळाच्या पिंपात कोंबली होती आणि ती बाहेर येऊ नये म्हणून झाकणावर वरवंटा ठेवला होता. सकाळी तांदूळ काढायला गेलेल्या आईने किंचाळून घर डोक्यावर घेतले होते. दादालाही हे मान्य आहे. ते तूच केलेस, असे तो मला म्हणतो. पण तो काळा वरवंटा मला दोन्ही हातांनीही उचलत नसे. चटणी वाटताना आई मला नुसते पाणी शिंपडायला सांगायची. उद्या फोन करून त्याला एवढेच विचारणार आहे, की वरवंटा कोणी उचलला होता.